माडबेटावरची दोन माणसं

सावेल हा देश नकाशावर शोधायचा तर आधी चष्मा पुसून घ्यावा लागतो. हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या जरा खाली, कोणी पेन झटकल्यासारखे काही ठिपके दिसतात, ते सावेल. प्रत्येक ठिपका म्हणजे एक कंकणद्वीप. मधे लगूनचं उथळ पाणी, भोवती बांगडीसारखी प्रवाळाची कड आणि त्या कडेवर माड तगतील एवढी जमीन. डोंगर नाही, नदी नाही. देशातलं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे राजधानीतल्या चर्चचा ओटा. शाळेतली मुलं भूगोलाच्या सहलीला तिथेच जात.

माणसं मात्र भरपूर प्रकारची. आफ्रिकेतून आणि मादागास्करहून मळ्यांवर राबायला आणलेल्यांचे वंशज, तमिळ, चिनी दुकानदार आणि खोबऱ्याच्या वखारींवर काम करायला रत्नागिरीकडून गलबतांत भरून आणलेली मराठी मंडळी. सहा-सात पिढ्यांत सगळ्यांची बोली क्रेओल, म्हणजे फ्रेंचची खिचडी, झाली. मराठी लोक भांडायचे क्रेओलमध्ये, सरकारी काम करायचे इंग्रजीत आणि देवाशी व आईशी बोलायचे मराठीत. त्या मराठीतही 'बरं'च्या जागी 'बों' म्हणत. आडनावं कोकणी, मुलांची नावं फ्रेंच, आणि गणपतीच्या चवथीला हळदीच्या पानातले पातोळे झालेच पाहिजेत, असा सगळा मामला.

बाहेरच्या लोकांना वाटतं की एक मोठी लाट आली आणि देश बुडाला. तसं काही झालं नाही. अशा बेटांच्या पोटात पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराने तरंगत राहतं. विहिरी त्या भिंगावर चालतात. समुद्राची पातळी चढली तशी ही भिंगं पातळ होत गेली. आधी चहा खारट लागायला लागला, मग अळू करपलं, मग नीरफणसाची झाडं उभ्या उभ्या वाळली. माणसं एकेक घर करून निघाली. शेवटी सरकारही निघालं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका देशाने जागा दिली, तिथे 'नवं सावेल' नावाची वसाहत झाली. अकरा खासदारांची संसद तिथे भाड्याच्या सभागृहात भरते. खाली चपलांचं दुकान आहे, त्यामुळे अर्थसंकल्पाच्या दिवशीसुद्धा जिन्यात चामड्याचा वास येतो.

खोबरं गेलं, हॉटेलं गेली, पर्यटक गेले. देशाच्या नावावर उरला फक्त समुद्र. पण तो लहानसहान नव्हता. ज्या बेटावर माणूस राहू शकतो त्याच्या चहूबाजूंनी दोनशे सागरी मैलांवर त्या देशाचा हक्क असतो, आणि सावेलच्या समुद्रात कुपा मासा, ज्याला जग टूना म्हणतं, तो थव्याथव्याने फिरतो. परदेशी जहाजं परवाना घेऊन तो पकडत. त्या शुल्कावर नव्या सावेलमधली घरं, शाळा, दवाखाना आणि म्हाताऱ्यांची पेन्शन चाले. अडचण एकच होती. नुसत्या खडकाला हा हक्क मिळत नाही, बेटावर खरीखुरी वस्ती लागते. पाणी गोडं राहिलेलं शेवटचं बेट होतं माडबेट. आणि असे हक्क ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय सागरी आयोगाने असंही ठरवून टाकलं होतं की एकटादुकटा पहारेकरी बसवला म्हणजे वस्ती होत नाही. कायम राहणारी निदान दोन माणसं हवीत.

ती दोन माणसं म्हणजे कालिंदी साळवी आणि तिचा नवरा दाजिबा.

सुरुवातीला तीसेक जण आले होते. परिचारिका होती, मास्तर होता, गिटार वाजवणारं एक तरुण जोडपं होतं. कोणाचा दात दुखला, कोणाचं मूल शाळेत जायच्या वयाचं झालं, कोणी नुसतंच कंटाळलं. प्रत्येक जण जाताना रडला आणि प्रत्येक जण गेला. दाजिबाने मात्र पंतप्रधानांना शब्द दिला होता. तो तसा फार बोलणारा माणूस नव्हता, त्यामुळे दिलेले शब्द त्याच्या लक्षात राहत. कालिंदीने कोणालाच शब्द दिला नव्हता. ती नवऱ्याबरोबर राहिली, एवढंच.

दोन माणसं खरंच राहतात की सरकार थापा मारतंय, हे तपासायला आयोगाने बेटावर एक यंत्र बसवलं होतं. त्याचं नाव वस्तीमापक. माणूस जिथे वावरतो तिथे तो सांडत असतो. त्वचेचे कण, केस, थुंकी, घाम. त्या प्रत्येक कणात त्याचा डीएनए असतो. पूर्वी ही युक्ती नद्यांमध्ये वापरत. जाळं न टाकता, पेलाभर पाणी तपासून तिथे कोणते मासे राहतात ते सांगता येई. पुढे यंत्रं लहान झाली आणि तीच युक्ती माणसांना लागू झाली. अंगणातल्या कपाटाएवढ्या त्या पेटीत हवा, धूळ आणि विहिरीचं पाणी दिवसभर गाळलं जाई, आणि पुढच्या काचेवर आकडा उमटे. बाकीचे गेल्यापासून इतकी वर्षं तिथे दोनाचा आकडा होता. तो उपग्रहामार्फत आयोगाला जाई आणि मग सगळीकडे सगळं सुरळीत चाले.

दाजिबा गेला तो चवथीच्या आधी थोडे दिवस. सकाळी तो ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता, रोज बसायचा तसा. कालिंदीने चहाचा कप त्याच्याजवळ ठेवला आणि आत गेली. परत आली तेव्हा चहावर साय धरली होती. दाजिबा गरम चहा सोडणारा माणूस नव्हता.

बेटावरचा बिनतारी फोन मंत्रालयातून जोडला जाई. मॉरिस साळवी गृहमंत्री होता आणि दाजिबाचा चुलतभाऊ. कालिंदीने त्यालाच आधी सांगितलं, कारण मुलीला, येलूला, सांगायचा धीर होईना.

त्याने आधी दार लावून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, आधी बसा. आणखी कोणाला सांगितलंत?"

"कोणाला सांगू, भावजी? खेकड्यांना?"

"येलूला?"

"आता करते फोन."

"नका करू." त्याचा आवाज खाली आला. "माझा भाऊ गेलाय वहिनी, मला काय वाटत नसेल? पण आयोगापुढे आपली सुनावणी आहे. बाजूचा देश टपून बसलाय. बेटावर एकच माणूस राहिलं हे कळलं की परवाने बंद. चाळीस हजार माणसं रस्त्यावर येतील, त्यात येलूचंही घर आलं. मला थोडा वेळ द्या. दुसरं माणूस पाठवतो, मग सगळं रीतसर करू."

"आणि ह्यांचं काय करू?"

"जाळ नका करू. उपग्रहाला धूर दिसतो, लगेच चौकशी होते."

मग कालिंदीने दाजिबाला त्याच्याच होडीत घातलं. ते कसं घातलं हे ती पुढे कोणालाही सांगणार नव्हती. प्रवाळाच्या कडेपलीकडे, जिथे पाण्याचा रंग एकदम काळा होतो, तिथवर तिने वल्ही मारली. अंगाभोवती जाळं गुंडाळून त्यात दगड बांधले होते. तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घातलं. मंत्र येत नव्हते, म्हणून आरतीचं एक कडवं म्हटलं आणि त्याला पाण्यात सोडलं. भोवती माणूस नावाची गोष्टच नव्हती. आपला आवाज इतका लहान आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मॉरिसचा पुन्हा फोन आला. मंत्रालयातल्या एका शास्त्रज्ञाला त्याने गुपचूप विचारलं होतं. डीएनए लगेच नाहीसा होत नाही. कपड्यांत, अंथरुणात तो कित्येक महिने राहतो. "त्याचे कपडे धुऊ नका. त्याची गोधडी आहे ना? ती रोज सकाळी यंत्रापाशी झटकत जा."

दाजिबाची गोधडी कालिंदीनेच शिवलेली होती, त्याच्या जुन्या सदऱ्यांची आणि तिच्या दोन लुगड्यांची. मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवू नये, धुवावं, द्यावं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती रोज सकाळी गोधडी अंगणात नेई आणि झटके. उन्हात बारीक धूळ तरंगे, पेटी ती आत ओढून घेई आणि काचेवर दोनाचा आकडा कायम राही. सावेल प्रजासत्ताकाचा कारभार असा रोज एका गोधडीवर चालला होता.

पहिले काही दिवस तिला या कामाचा नुसता राग आला. मग एक दुपार अशी आली की तिने गोधडीत तोंड खुपसलं आणि तिला जाणवलं, वास कमी झालाय. तंबाखू, खोबरेल आणि त्याच्या मानेचा तो एक वास. रोज झटकून झटकून ती त्याला संपवत होती. दुसऱ्या दिवसापासून ती गोधडीचं एकच टोक झटकायला लागली. बाकीचं घडी करून पोटाशी धरून बसे. देशाला थोडासा दाजिबा, बाकीचा आपल्याला. पण टोकंसुद्धा संपतात.

मॉरिसचं दुसरं माणूस काही येत नव्हतं. पुरवठ्याची बोट येई, तांदूळ, डाळ, दूधपावडर उतरवी. खलाशी विचारत, "काका कुठे?" ती सांगे, "मासे धरायला." खलाशी घाईत असत. ती किनाऱ्यावर उभी राहून बोट ठिपका होईपर्यंत हात करत राही. मग घरी येऊन दोन माणसांचा भात टाके, आणि आकाशातल्या उपग्रहाला भाताचं भांडं दिसत नाही हे लक्षात आलं की स्वतःवरच चरफडे.

सगळ्यांत वाईट असे रविवार. रविवारी एलोडीचा फोन येई. एलोडी म्हणजे तिची मुलगी. वडील तिला येलू म्हणत, म्हणून सगळेच म्हणायला लागले. नव्या सावेलमध्ये ती शाळेत शिकवत असे.

"आये, बाबा?"

"होडी घेऊन गेलेत गो."

"नेहमी कसे गं होडीवर असतात? मी फोन करणार हे ठाऊक असतं ना त्यांना?"

"मासा काय रविवार बघून येतो?"

चवथीला एलोडीने विचारलं, "पातोळे केलेस?" कालिंदी म्हणाली, "केले." "बाबांनी खाल्ले?" "दोनदा मागून खाल्ले." फोन ठेवल्यावर ती जिथे उभी होती तिथेच खाली बसली. खोटं बोलण्यात तिला वाईट वाटे ते खोटेपणाचं नव्हतं. येलूशी बोलताना दाजिबा जिवंत होई, होडीवर जाई, पातोळे मागे, आणि फोन ठेवला की तिला तो पुन्हा एकदा नव्याने मेलेला दिसे. रडायलाही चोरी. रडायचं तर कोणीतरी विचारणारं लागतं, काय झालं म्हणून.

एलोडीची शंका वाढत चालली तेव्हा मॉरिसने सुचवलं की दाजिबाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून संगणकाला त्याचा आवाज शिकवता येईल, फोनवर दोन वाक्यं बोलून टाकेल. कालिंदीने उत्तर न देता फोन ठेवला. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. तेवढी लाज त्याला होती.

शिमग्याच्या सुमाराला आयोगाची बोट आली. तिच्यातून एक निरीक्षक उतरली, फिलिपीन्सची, सुसाना नावाची, तिशी-पस्तिशीतली. बरोबर एक नवी पेटी होती. खलाशी पेटी अंगणात ठेवून बोटीवर परत गेले. सुसाना रात्रीपुरती राहणार होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघणार होती.

कालिंदीने तिला ताट वाढलं. कोणीतरी समोर बसून जेवतंय, हे बघताना तिचा घास हातातच राहिला. सुसाना बोटं चाटत होती, कढी मागत होती. कालिंदीने तीनदा वाढली.

"तुमचे पती?" सुसानाने इंग्रजीत विचारलं.

"समुद्रात."

सुसानाने मान हलवली आणि कढी प्यायली.

जेवणानंतर तिने नवी पेटी उघडली आणि ती कशी चालते ते सांगितलं, शिकवायची आवड असलेल्या माणसासारखं. जुनं यंत्र डीएनए वाचत होतं. डीएनए म्हणजे पेशीतलं मूळ पुस्तक. ते टिकाऊ असतं, माणूस निघून गेला तरी मागे राहतं. पण जिवंत पेशी त्या पुस्तकातून रोजच्या कामापुरत्या चिठ्ठ्या उतरवून घेत असते. त्या चिठ्ठ्या म्हणजे आरएनए. ते फार नाजूक असतं, बाहेर पडलं की तासांत विरतं. नवं यंत्र आरएनए वाचतं. "त्यामुळे इथे कधी कोण राहत होतं हे त्याला कळत नाही," सुसाना म्हणाली. "आज कोण आहे, तेवढंच कळतं. काही देशांनी बेटांवर जुने कपडे टाकून ठेवले होते, म्हणून हे करावं लागलं."

"कधीपासून चालू?"

"उद्या सकाळपासून. मी निघायच्या आत पहिला आकडा येईल. माझा नमुना त्यातून वगळलेला आहे."

ती लगूनमध्ये पोहायला गेल्यावर कालिंदीने मॉरिसला फोन लावला. त्याला नव्या यंत्राचं आधीच कळलं होतं.

"घाबरू नका, वहिनी. दाजिबा उपचाराला इकडे आलाय असं पत्रक काढतो. आजारपणाची रजा आयोगाला चालते. नंतरचं नंतर बघू."

"म्हणजे आता ह्यांना आजारी पाडणार तुम्ही."

"थोडे दिवस."

"दुसरं माणूस पाठवणार होतात ना, भावजी?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"कोणी तयार नाही वहिनी," तो शेवटी म्हणाला. "मी विचारलं. प्रत्येक वस्तीत जाऊन विचारलं. दुप्पट पेन्शन देतो म्हणालो. सगळे राष्ट्रगीताला उभे राहतात आणि मग म्हणतात, साहेब, मुलांच्या परीक्षा आहेत."

"चाळीस हजारांत एक नाही?"

"एक नाही."

"आणि तुम्ही?"

"मी सरकार चालवतोय," मॉरिस म्हणाला, आणि त्यालाही ते ऐकून कसंसंच झालं असावं, कारण त्याने फोन ठेवला नाही, नुसता धरून बसला. कालिंदीनेच ठेवला.

तिला राग आला होता, पण तो मॉरिसचा नव्हता. दाजिबाने ज्या देशासाठी इथे हाडं झिजवली तो देश त्याच्यानंतर एक माणूस पाठवू शकत नव्हता. ती इतके महिने गोधडी झटकत होती ती कोणासाठी, असा प्रश्न तिला पडला, आणि उत्तर म्हणून डोळ्यांपुढे फक्त येलू आली. त्या येलूलाच ती इतके महिने फसवत होती.

तिने लगेच फोन लावला. वार रविवार नव्हता. एलोडीने घाबरूनच उचलला.

"आये? काय झालं?"

"येलू, बाबा गेले गो."

"कुठे गेले?"

कालिंदीला 'होडीवर' म्हणायची इतकी सवय झाली होती की शब्द ओठांवर आला. तिने तो गिळला आणि सगळं सांगितलं. चहा, होडी, दगड, गोधडी, मॉरिस. मधे एलोडीने एकदाही अडवलं नाही.

"कधी?" तिने विचारलं.

"चवथीच्या आधी."

"तू म्हणालीस दोनदा मागून खाल्ले."

"म्हणाले."

"मी शाळेत सगळ्यांना सांगितलं. माझे बाबा या वयात दोनदा पातोळे मागतात." एलोडीचा आवाज फाटला. "मला घर नको होतं आये. मला विचारायचं तरी." आणि फोन बंद झाला.

त्या रात्री कालिंदी गोधडी अंगावर घेऊन झोपली. वास नव्हताच आता. नुसतं कापड होतं.

सकाळी सुसाना उठून बाहेर आली तेव्हा कालिंदी विहिरीपाशी गोधडी धूत होती. गोडं पाणी जपून वापरायचं असतं, पण त्या दिवशी तिने बादल्यांमागून बादल्या ओतल्या. साबण लावून पायांनी तुडवली. पाणी आधी मळकट, मग स्वच्छ वाहायला लागलं. सुसाना जुन्या पेटीकडे पाहत होती, गोधडीकडे पाहत होती. काय झालंय ते तिच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही.

"ते केव्हा गेले?" तिने विचारलं.

कालिंदीने सांगितलं. सुसानाने वहीला हात घातला नाही. जाड गोधडी पाणी पिऊन इतकी जड झाली होती की कालिंदीला ती उचलवत नव्हती. एक टोक पिळावं तर दुसरं चिखलात लोळे. सुसानाने पुढे होऊन दुसरं टोक धरलं. दोघींनी उलट्या दिशांनी पीळ दिला, पाणी धो धो गळलं, आणि गोधडी दोरीवर पडली.

"मला खरं ते लिहावं लागेल," सुसाना म्हणाली.

"लिही. मी सांगितलं म्हणून लिही."

"वस्ती मोडली की आयोग वर्षभर थांबतो. तेवढ्यात कोणी येऊन राहिलं तर समुद्र तुमचाच राहील. नाहीतर जाईल."

"मी एकटी राहिले तर?"

"एक म्हणजे वस्ती नाही." तिला हे बोलायला जड जात होतं. "पण तुम्ही असलात तर तुमच्या सरकारला बाजू मांडता येईल. वर्ष, दोन वर्षं वाद चालेल."

नव्या पेटीच्या काचेवर आकडा आला होता. एक. कालिंदी त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिच्या पोटातून असा काही हंबरडा आला की सुसाना दचकली. दाजिबा आत्ता गेला होता. इतके महिने अडवून धरलेलं रडं तिने तिथेच, त्या कपाटाला धरून, रडून घेतलं. सुसाना जवळ उभी होती. काय झालं म्हणून तिने विचारलं नाही, तिला माहीत होतं, पण ती हलली नाही.

थोड्या वेळाने फोन वाजला. एलोडी होती. तिचा घसा बसला होता.

"आये, दहावा केलास?"

"एकटीने कसा करणार? आणि चोरून?"

"आता कर. मी फोनवर आहे. ठेवू नकोस."

सावेलला कावळे नाहीत. गलबतांतून आलेल्या पहिल्या मराठी माणसांपुढे मोठाच पेच पडला असणार, पिंडाला शिवायला कावळा आणायचा कुठून. कोणीतरी ठरवलं की मासा चालेल. तेव्हापासून इथले मराठी लोक ओहोटीच्या वेळी लगूनच्या काठच्या खडकावर पिंड ठेवतात आणि माशाची वाट बघतात. मासा शिवला नाही तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजायचं. ते ओळखून वचन द्यायचं.

कालिंदीने भाताचा पिंड केला, वर तीळ घातले आणि तो खडकाच्या खळग्यात ठेवला. फोन शेजारी कोरड्या दगडावर होता. पाणी खडकाच्या बरंच खाली होतं. बारके मासे दूर खोल पाण्यात चमकत होते.

"येलूकडे लक्ष देईन," ती म्हणाली. "तिच्याशी पुन्हा खोटं बोलणार नाही."

मासे तिथेच राहिले. फोनमधून एलोडीचा श्वास ऐकू येत होता.

"तुम्ही शब्द दिलात तो मी पाळीन. बेट सोडणार नाही. एकटी राहीन."

कालिंदी पाण्याकडे बघत बसली. माशांनी इकडे तोंडं वळवलीसुद्धा नाहीत. खरं तर दाजिबा असता तर यावर खूश झाला असता, हे तिला ठाऊक होतं. देशाच्या नावाने त्याला उगाच गहिवरून यायचं. एवढ्या एका गोष्टीवरून तिचं त्याच्याशी आयुष्यभर पटलं नव्हतं.

मागे सुसाना वाळूत बसली होती. तिच्या बोटीने दुरून भोंगा वाजवला.

मग कालिंदी खडकापाशीच बसून राहिली. तिच्या पावलांशी पाणी आलं, घोट्यापर्यंत चढलं. खडकाची कड ओली झाली. लगूनची भरती कधी लागते हे त्या बेटावर तिच्याइतकं आता कोणालाच ठाऊक नव्हतं. पाणी खळग्याच्या तोंडाशी पोचलं तेव्हा ती बोलली.

"अहो, मी जाते इथून. येलूकडे जाते. तुमच्या देशाचं तुमची माणसं बघतील. बघायचं असेल तर येतील."

एक लाट खडकावरून गेली. तिच्याबरोबर दोन-चार मासे आत आले, पिंडाला तोंड लावलं, भात विस्कटला, तीळ पाण्यावर पसरले.

"शिवला?" फोनमधून एलोडीने विचारलं.

"शिवला."

एलोडीचं लहानपण अशाच एका लगूनच्या काठी गेलं होतं. भरतीबरोबर मासे आत येतात, हे तिलाही ठाऊक होतं.

"आये, भरती लागली असेल ना आता?"

"लागली."

"बों," एलोडी म्हणाली. "ये."

बोट दुपारी निघाली. कालिंदीने बरोबर फार काही घेतलं नव्हतं. सुसानाने तिला टपावर जागा करून दिली आणि विचारलं, वारा लागत नाही ना. कालिंदी नाही म्हणाली. ती किनाऱ्याकडे तोंड करून बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बोटीला हात करायला इतकी वर्षं तिथे तीच उभी असायची. आज तिथे कोणी नव्हतं.